सात तुकड्यांचा खेळ
एका संगणकीय कोड्याची रचना आणि तिचा बोध



खेळ ही मनुष्याची फार जुनी गरज आहे. अंगणातील सागरगोटे, देवळाच्या ओवरीत दगडावर कोरलेले पट, सोंगट्यांचा डाव आणि बुद्धिबळ ही सारी याच गरजेची रूपे होत. ज्या ज्या काळी मनुष्याच्या हाती नवे साधन आले, त्या त्या काळी त्याने त्याचा उपयोग कामासाठी केला आणि काम संपल्यावर त्याच साधनातून खेळही निर्माण केला. संगणकाचे तसेच झाले. आज लोकलमध्ये उभा असलेला प्रवासी, एस.टी.ची वाट पाहणारा विद्यार्थी आणि दुपारच्या सुटीतील कर्मचारी हातातील फोनवर पाचदहा मिनिटांचा एखादा खेळ खेळताना दिसतो. या खेळांना कथानक नसते, नायक नसतो, लांबलचक सूचनाही नसतात. डोळ्यांसमोर एक कोडे असते आणि ते सोडविण्यास वेळ थोडा असतो. कोडे आणि घाई यांच्या या संयोगालाच खेळरचनेच्या क्षेत्रात कृतिप्रधान कोडे असे म्हणता येईल.

असे खेळ दिसावयास सोपे असतात आणि त्यामुळे ते रचावयासही सोपे असावेत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. मोठ्या खेळात एखादा भाग उणा पडला तर चित्रे, संगीत किंवा कथानक त्याला सावरून नेतात. लहान खेळाला असा आडोसा नसतो. त्यातील प्रत्येक नियम उघडा असतो आणि एक नियम चुकला तर सारा खेळ निकालात निघतो. या विषयाचा अभ्यास करावयाचा तर ‘टेट्रिस’ या खेळाइतके उत्तम उदाहरण दुसरे सापडणे कठीण. चाळीस वर्षे उलटली तरी तो खेळला जातो. त्याची जन्मकथा रचनाकाराला जितकी उद्बोधक, तितकीच कायदा आणि व्यवहार पाहणाऱ्यालाही आहे.

मॉस्कोतील संगणक केंद्र

१९८४ साली मॉस्को येथील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव्ह हे संशोधक काम करीत होते. मनुष्याचे बोलणे यंत्राला कळावे आणि यंत्राला काही एक बुद्धी यावी, हे त्यांच्या संशोधनाचे विषय. नव्या यंत्राची क्षमता अजमावण्याच्या निमित्ताने ते लहानमोठे खेळ रचीत असत. त्यांच्यापुढे जे यंत्र होते त्याचे नाव ‘एलेक्ट्रॉनिका ६०’. या यंत्राच्या पडद्यावर चित्र काढण्याची सोयच नव्हती. अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे एवढेच काय ते त्यावर उमटे.

पाजितनोव्ह यांना लाकडी वा प्लास्टिकच्या तुकड्यांच्या कोड्यांची आवड होती. त्यांपैकी एक कोडे ‘पेंटोमिनो’ या नावाने ओळखले जाते. पाच समान चौरस कडेला कड लावून जोडले असता जे आकार तयार होतात, ते या कोड्याचे तुकडे. असे आकार बारा होतात. त्या बारांची एखाद्या पेटीत नीट मांडणी करणे, हे कोडे. अमेरिकन गणिती सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५३ साली या आकारांना पेंटोमिनो हे नाव दिले आणि पुढे ते जगभर लोकप्रिय झाले. तुकडे पेटीबाहेर काढणे क्षणाचे काम; ते पुन्हा आत बसविणे मात्र तासाचे. हेच कोडे संगणकावर आणावे, असे पाजितनोव्ह यांच्या मनात आले.

येथपर्यंतची कल्पना सामान्य होती. टेबलावरील कोडे पडद्यावर नेल्याने त्यात नवे असे काहीच येत नाही. उलट हाताला होणारा तुकड्याचा स्पर्श मात्र नाहीसा होतो. पाजितनोव्ह यांचे वेगळेपण यापुढे दिसते. यंत्र जे करू शकते आणि टेबल जे करू शकत नाही, ते शोधून त्यांनी खेळ त्याभोवती बांधला. यंत्र तुकडा हलवू शकते. म्हणून तुकडे वरून खाली पडू लागले. एक तुकडा तळाशी टेकला की दुसरा सुटे आणि तो पडत असतानाच त्याला फिरवून योग्य जागी बसवावे लागे. सावकाश सोडवावयाच्या कोड्यात अशा रीतीने काळाचा प्रवेश झाला.

पाचाचे चार

प्रारंभीच एक अडचण उभी राहिली. पाच चौरसांचे आकार बारा; परंतु पडद्यावरील तुकडा फिरविता येत असला तरी उलथविता येत नाही. त्यामुळे आरशातील प्रतिबिंबासारखे दिसणारे आकार वेगळे धरावे लागतात आणि ही संख्या अठरापर्यंत जाते. पडत्या तुकड्याकडे पाहून क्षणार्धात निर्णय घ्यावयाचा, तर अठरा आकार मनुष्याच्या डोक्यात मावत नाहीत. पाजितनोव्ह यांनी एक चौरस कमी केला. चार चौरसांचे आकार, प्रतिबिंबे वेगळी धरूनही, सातच होतात. सरळ दांडी, चौरस, मध्येच टेंगूळ आलेला ‘टी’, काटकोनात वळलेले दोन आणि नागमोडी पायरीसारखे दोन, असे हे सात गडी होत. नवा खेळाडू पाच मिनिटांत सर्वांना ओळखू लागतो.

रचनाकाराने काय घातले यापेक्षा काय काढून टाकले, हे येथे महत्त्वाचे ठरते. आकारांची संख्या कमी झाली तरी कोड्याची खोली कमी झाली नाही, हे एका साध्या प्रयोगाने पटेल. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून हे सात तुकडे कापावेत. त्यांत एकूण अठ्ठावीस चौरस असतात. चार गुणिले सात असा अठ्ठावीस घरांचा आयत काढून त्यात ते बसवून पाहावेत. कितीही खटपट केली तरी ते बसत नाहीत आणि यात खेळणाऱ्याचा दोष नाही. आयताची घरे बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे काळी-पांढरी रंगविली, तर चौदा काळी आणि चौदा पांढरी होतात. सातांपैकी सहा तुकडे, कसेही ठेवले तरी, दोन काळी आणि दोन पांढरी घरे व्यापतात. एकटा ‘टी’ तीन एका रंगाची आणि एक दुसऱ्या रंगाचे घर व्यापतो. त्यामुळे सर्वांची बेरीज पंधरा आणि तेरा अशी येते. चौदा आणि चौदा अशी कधीच येत नाही. सात क्षुल्लक तुकड्यांत एवढे गणित दडलेले आहे. साधेपणा आणि उथळपणा या दोन भिन्न गोष्टी होत, याचे हे प्रत्यंतर होय.

भरलेली ओळ नाहीशी होते

तुकडे पडू लागले. परंतु खेळ काही सेकंदांतच संपू लागला. याचे कारण उघड आहे. आज सर्वत्र रूढ असलेली टेट्रिसची विहीर दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच असते, म्हणजे एकूण घरे दोनशे. प्रत्येक तुकडा चार घरे व्यापतो. तेव्हा सर्व तुकडे अगदी बिनचूक बसविले तरी पन्नासाव्या तुकड्याला विहीर काठोकाठ भरावयाचीच. कौशल्य दाखविणारा आणि न दाखविणारा यांच्या वाट्याला शेवटी तोच पराभव येणार असेल, तर कोणी कशासाठी खेळावे?

यावर पाजितनोव्ह यांनी जो तोडगा काढला, त्यातच टेट्रिसचे सारे यश आहे. आडवी ओळ पूर्ण भरली की तिचे काम संपले. तिच्यात आता काही करण्यासारखे उरले नाही. मग ती पडद्यावर ठेवावयाची कशाला? भरलेली ओळ नाहीशी करावी आणि वरचा ढीग एक घर खाली आणावा. या एका नियमाने खेळाला सातत्य आले. जागा संपते, ती पुन्हा मिळविता येते आणि ती मिळविणे हेच खेळाडूचे उद्दिष्ट ठरते.

या नियमाचा मनावर होणारा परिणाम सूक्ष्म आहे. खेळाडूने जे नीट केले ते दृष्टीआड होते. जे चुकले ते मात्र समोर साचून राहते. अंगणातील सडासंमार्जन जिने रोज केले, तिला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. झाडलेले अंगण कोणाच्या लक्षात येत नाही. राहिलेला केर तेवढा दिसतो. पडद्यावरील प्रत्येक पोकळी खेळाडूला आपली चूक दाखविते आणि तिच्याबरोबर ती दुरुस्त करण्याची संधीही देते. त्यामुळे सूचनांचे पुस्तक न वाचता, पराभवाची कारणे कोणी न सांगता, खेळ स्वतःच खेळाडूचा शिक्षक होतो.

पडद्यावर चित्रे नव्हती, म्हणून मूळ खेळात चौरसांच्या जागी कंसाची चिन्हे होती. साधनांचे हे दारिद्र्य खेळाच्या मुळीच आड आले नाही. सहकारी दिमित्री पावलोव्स्की आणि अवघा सोळा वर्षांचा विद्यार्थी वादिम गेरासिमोव्ह यांच्या साहाय्याने खेळ पुढे आय.बी.एम. संगणकावर आला, तेव्हा त्याला रंग चढले. ‘टेट्रा’ म्हणजे चार आणि पाजितनोव्ह यांचा आवडता खेळ टेनिस, या दोहोंच्या मिलाफातून ‘टेट्रिस’ हे नाव सिद्ध झाले. त्यानंतर तो एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, कोणत्याही जाहिरातीवाचून पसरला.

वेग, मोह आणि जोखीम

खेळ टिकावयाचा तर खेळाडूचे कौशल्य वाढेल तसा खेळही कठीण व्हावयास हवा. यासाठी टेट्रिसने नवे तुकडे आणले नाहीत, नवे नियमही केले नाहीत. केवळ वेग वाढविला. निन्टेंडो कंपनीच्या घरगुती खेळयंत्रावर १९८९ साली अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत पहिल्या पातळीवर तुकडा वीस घरे उतरावयास सुमारे सोळा सेकंद घेतो. एकोणतिसाव्या पातळीवर तेच अंतर तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात तोडतो. नियम तेच, तुकडे तेच, विहीर तीच. विचाराला मिळणारा अवधी तेवढा आटत जातो.

दुसरे अंग गुणांचे. त्याच आवृत्तीत एक ओळ पुसली तर आरंभीच्या पातळीवर ४० गुण मिळतात, दोन एकदम पुसल्या तर १००, तीन पुसल्या तर ३०० आणि चार एकदम पुसल्या तर १,२००. एकेक करून चार ओळी पुसणाऱ्याला १६० गुण मिळतात. त्याच चार ओळी एका दमात पुसणाऱ्याला साडेसातपट. परंतु चार ओळी एकदम पुसण्यासाठी ढीग उंच वाढू द्यावा लागतो, कडेला एक उभी फट राखावी लागते आणि सरळ दांडीची वाट पाहत बसावे लागते. दांडी आली नाही तर बुडालो! सावधपणे पुंजी जमवावी की धाडस करावे, हा व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला रोज पडणारा प्रश्न या आकडेमोडीने खेळात आणला. एकही शब्द न लिहिता खेळाडूच्या मनात मोह आणि भीती यांचे द्वंद्व उभे करणे, हे गुणपद्धतीचे खरे काम असते.

दैव आणि न्याय

पुढचा तुकडा कोणता यावा, हे यंत्र दैवावर सोडते. परंतु दैव अगदीच मोकळे सोडले तर खेळाडूला अन्याय झाल्यासारखे वाटते. अमेरिकन गणिती हायडी बर्गिएल यांनी १९९७ साली असे सिद्ध केले की दोन प्रकारचे नागमोडी तुकडे आलटून पालटून येतच राहिले, तर कितीही निष्णात खेळाडू अखेरीस हरणारच. प्रत्यक्षात असा योग येणे दुर्मिळ. तरीही दांडीसाठी वीस-तीस तुकड्यांपर्यंत ताटकळत राहावे लागणे हा जुन्या आवृत्त्यांतील नेहमीचा अनुभव होता.

एकविसाव्या शतकातील अधिकृत आवृत्त्यांनी यावर एक युक्ती योजली. एका पिशवीत सातही तुकडे घालावेत, न पाहता एकेक काढावा आणि पिशवी रिकामी झाल्यावरच पुन्हा सातही घालावेत, अशी ही रीत. यामुळे क्रम अनिश्चित राहतो. परंतु दोन दांड्यांच्या मध्ये बारापेक्षा अधिक तुकडे कधीच येत नाहीत. पुढचा तुकडा अगोदर दाखविण्याची सोयही याच जातीची. हरलेल्या खेळाडूने दैवाला बोल न लावता स्वतःच्या निर्णयाकडे पाहावे, एवढी काळजी रचनाकाराने घेतली की खेळाडू पुन्हा डाव मांडतो.

सर्व तुकड्यांचा क्रम आधीच ठाऊक असला तर खेळ सोपा होईल काय? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २००२ साली याचे उत्तर दिले. पुढील साऱ्या तुकड्यांची यादी हाती असली तरी त्यांची सर्वोत्तम मांडणी शोधणे हा प्रश्न, संगणकशास्त्रात ज्यांवर झटपट रीत अद्याप सापडलेली नाही अशा अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो. पाच वर्षांच्या मुलाला जो खेळता येतो, तो महासंगणकालाही पूर्णपणे सोडविणे अवघड जाते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील तेरा वर्षांच्या एका मुलाने त्या जुन्या आवृत्तीची १५७वी पातळी गाठली, तेव्हा खेळ चालविणारा कार्यक्रमच थबकला. मनुष्यापुढे यंत्राने हात टेकल्याची ही पहिली नोंद.

हात, डोळा आणि मन

मानसशास्त्रज्ञांचेही लक्ष या खेळाकडे गेले. डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ या संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की तुकडा कोठे बसेल याचा मनाशी विचार करून मग तो फिरविण्याऐवजी खेळाडू तो पडद्यावर आधी फिरवितात आणि पाहून ठरवितात. मनात आकार फिरविण्यापेक्षा बोटाने फिरविणे लवकर होते. म्हणजेच हात येथे केवळ हुकमाचा ताबेदार राहत नाही; तो विचारात भाग घेतो. खेळरचनेच्या दृष्टीने यातून निघणारा बोध मोलाचा आहे. कळ दाबताच पडद्यावर तत्काळ परिणाम दिसला पाहिजे. त्यात क्षणाचा जरी विलंब झाला, तरी खेळाडूची विचार करण्याची रीतच मोडते.

२००० साली हार्वर्ड येथील रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंना झोप लागण्याच्या वेळी काय दिसते, हे तपासले. अनेकांना पडणारे तुकडे दिसत. विशेष असे की, स्मरणशक्ती गमावल्यामुळे आपण हा खेळ खेळलो हेही ज्यांना आठवत नव्हते, अशा पाचांपैकी तिघांनाही ते दिसले. लहानशा खेळाची मनावरील पकड किती खोल असू शकते, हे यावरून कळते. आणि याच ठिकाणी रचनाकाराची जबाबदारीही सुरू होते.

ओढ दोन प्रकारांनी निर्माण करता येते. एक ओढ कौशल्य वाढत असल्याच्या आनंदाची. दुसरी अडवणुकीची. २०१२ साली आलेल्या ‘कँडी क्रश सागा’ या लोकप्रिय खेळात खेळाडूला पाच संधी मिळतात. त्या संपल्या की एक संधी परत मिळण्यास अर्धा तास लागतो, आणि ज्याला थांबावयाचे नसेल त्याच्यासाठी पैसे मोजण्याची सोय असते. खेळ विनामूल्य वाटावयाचा आणि अधीरतेचे मोल घ्यावयाचे, ही पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. ती बेकायदेशीर नव्हे. परंतु असा खेळ मुलांच्या हाती देताना पालकांनी आणि तो रचताना रचनाकाराने या दोन प्रकारच्या ओढींतील भेद ओळखणे अगत्याचे आहे.

हक्काचा प्रश्न

टेट्रिसच्या कथेचा उत्तरार्ध कागदपत्रांचा आहे. सोव्हिएत राज्यव्यवस्थेत व्यक्तीने संगणकीय कार्यक्रम परदेशी विकण्याची सोय नव्हती. पाजितनोव्ह यांनी खेळाचे हक्क दहा वर्षांसाठी आपल्या संगणक केंद्राकडे सोपविले. १९८६ साली लंडनच्या ‘अँड्रोमेडा सॉफ्टवेअर’चे रॉबर्ट स्टाइन यांच्या दृष्टीस हा खेळ हंगेरीत पडला. त्यांनी मॉस्कोशी तारेने संपर्क साधला, आलेल्या अनुकूल उत्तरालाच परवानगी मानले आणि करारावर सही होण्यापूर्वीच ते हक्क ब्रिटन व अमेरिकेतील कंपन्यांना दिले. पुढे हक्क एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहिले. पाश्चात्य दुकानांत खेळ विकला जात होता आणि मॉस्कोत त्याचा पत्ता नव्हता.

१९८९च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स हे खेळव्यवसायी आमंत्रण नसताना मॉस्कोत दाखल झाले आणि संगणकांची परदेशी विक्री पाहणाऱ्या ‘एलोर्ग’ या सरकारी संस्थेच्या कार्यालयात गेले. घरगुती खेळयंत्रांचे हक्क आपण कोणालाच दिलेले नाहीत, असे तेथील अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. त्याच आठवड्यात स्टाइन यांच्याबरोबरच्या करारात ‘संगणक’ या शब्दाची व्याख्या घालण्यात आली. ज्याला पडदा, चकतीयंत्र आणि कळफलक असतो तो संगणक, अशा अर्थाची ती व्याख्या होती. या एका ओळीने खेळयंत्रे कराराबाहेर गेली. निन्टेंडोला ते हक्क मिळाले, अमेरिकेतील न्यायालयाने जून १९८९ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीच्या विक्रीस मनाई केली आणि निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्राबरोबर टेट्रिस घराघरांत गेला. त्या एका आवृत्तीच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती खपल्या.

यात पाजितनोव्ह यांना काय मिळाले? अनेक वर्षे काहीच नाही. १९९१ साली ते अमेरिकेत गेले आणि १९९६ साली हक्क परत आल्यावर रॉजर्स यांच्यासह त्यांनी स्वतःची कंपनी काढली, तेव्हा कोठे त्यांना मानधन मिळू लागले. निर्मिती आणि मोबदला यांच्यामध्ये बारा वर्षांचे अंतर पडले होते.

महाराष्ट्रातील तरुणांसाठी

ही कथा दूरदेशची असली तरी तिचा बोध आपल्याकडे लागू पडतो. २०२५ साली मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, खेळनिर्मिती व चित्रकथा या उद्योगांसाठी महाराष्ट्र शासनाने स्वतंत्र धोरण स्वीकारले. त्याच वर्षी संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करण्याची आणि ई-क्रीडा व निर्मळ करमणुकीच्या खेळांना उत्तेजन देण्याची भूमिका घेतली. कल्पक तरुणांसाठी या क्षेत्राचे दार उघडत आहे. अशा वेळी आपले हक्क जाणून घेणे हे कौशल्याइतकेच आवश्यक आहे.

भारताच्या १९५७च्या प्रतलेखाधिकार कायद्यात संगणकीय कार्यक्रमाचा समावेश वाङ्मयीन कृतीत होतो. कृती निर्माण होताच हक्क उत्पन्न होतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र वादाच्या प्रसंगी ती पुराव्यास उपयोगी पडते. नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, मालकवर्ग असतो. तेव्हा नोकरी स्वीकारताना, फावल्या वेळात केलेल्या कामाचे काय, हे लेखी ठरवून घ्यावे. आणखी एक मर्यादाही ध्यानी ठेवावी. खेळाची कल्पना आणि नियम यांवर कोणाची मक्तेदारी नसते. संरक्षण मिळते ते त्या कल्पनेच्या प्रत्यक्ष आविष्काराला. टेट्रिसच्या हुबेहूब नकलेविरुद्ध २०१२ साली अमेरिकेतील न्यायालयाने हेच तत्त्व मांडले. दुसऱ्याच्या खेळापासून स्फूर्ती घ्यावी. त्याचे रूप मात्र उचलू नये.

रचनेला आरंभ करण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. पुठ्ठा, कात्री आणि चौकटीचा कागद एवढ्यावर पहिला आराखडा होतो. तो घरातील अशा व्यक्तीला खेळावयास द्यावा, जिला त्यातील काही ठाऊक नाही. आणि तिला काहीही न सांगता केवळ पाहत बसावे. ती जेथे अडते तेथे नियम चुकला आहे. तिने न विचारता दुसरा डाव मांडला तर पायाभरणी झाली, असे समजावे. रंग, आवाज आणि चित्रे यांचा विचार त्यानंतरचा. सागरगोट्यांचा डाव, लगोरीची उतरंड आणि सोंगट्यांचा पट यांमध्ये वेग, जोखीम व न्याय यांची जी वाटणी पिढ्यानुपिढ्या घासून पक्की झालेली आहे, ती तपासून पाहणाऱ्याला आपल्या अंगणातच पुष्कळ धडे मिळतील.

ज्या पडद्यावर चित्रही उमटत नव्हते, त्यावर कंसाच्या चिन्हांनी मांडलेला एक खेळ जगभर गेला. साधने तोकडी होती. परंतु नियम नेमके होते. महाराष्ट्रातील तरुणांच्या हाती आज त्याहून कितीतरी समर्थ साधने आहेत. नेमका नियम शोधण्याची चिकाटी आणि आपल्या निर्मितीचा हक्क कागदावर राखण्याची दक्षता, या दोन गोष्टींची जोड त्यांनी त्या साधनांना द्यावी, एवढीच अपेक्षा.